सतराव्या आकृतीतली फट

नलू,

परवा तुझं तेरावं झालं. तुझा भाऊ आणि वहिनी काल दुपारच्या गाडीनं मिरजेला परत गेले. जायच्या आधी वहिनींनी विचारलं, ट्रंकेतल्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या? मी म्हटलं, मी बघतो. आज सकाळी बघायला बसलो. वरच्या पाचसहा साड्या काढल्या आणि खाली, तुझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत, तो जाड ब्रिस्टल कागद सापडला. त्याच्यावर पातळ टिश्यू कागद, आणि त्यावर तुझ्या आईनं पाठवलेली लाल कुंची. ती कुंची बारशाच्या दिवशी घालायची होती, म्हणून कुणी घातलीच नाही.

कागदावर माझ्या प्रबंधातली आकृती सतरा आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की ती छापखान्यात हरवली. प्रोफेसरांना तसं सांगितलंही होतं. म्हणजे ती छापून परत आली तेव्हा तू ती काढून घेतलीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. मला तुझा राग आला, नलू. तुला जाऊन चौदा दिवस झाले आहेत आणि मी ट्रंकेपुढे मांडी घालून तुझ्यावर चिडून बसलो होतो.

हे मी तुझ्या मराठीत लिहितो आहे. आमच्या तंजावरी मराठीत लिहिलं असतं तर तू पहिल्याच ओळीला पदर तोंडाला लावला असतास. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कॉफी मागताना मी तुला म्हटलं होतं, "मज कापी पाह्यजे." तू चुलीपाशी वळून माझ्याकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "अहो, तुम्ही पोथीतून बाहेर आलात का हो?" मग दोन वर्षं तू माझं बोलणं दुरुस्त करत होतीस, आणि मी तुझं तमिळ. तुझं तमिळ भाजीवाल्या बाईशी भांडून भांडून माझ्या मराठीपेक्षा लवकर सुधारलं. मद्रासला, वेस्ट मांबलमच्या आपल्या गल्लीत, पुढे पुढे लोक तुला इथलीच समजायचे आणि मला विचारायचे, सार, तुमचं गाव कुठलं?

माझा उजवा हात लहानपणच्या तापापासून हलतो. पेन्सिलीनं कसंबसं भागतं, पण शाईची निब कागदाला टेकली की रेघ थरथरते. कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा साधा डेमॉन्स्ट्रेटर. प्रबंधाचं काम चाललं होतं आणि प्रोफेसर म्हणाले होते की काम ठीक आहे, पण आकृत्या म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, असल्या आकृत्या कुणी छापणार नाही. मी घरी येऊन कागद भिरकावून दिला. तू तो उचललास, खिडकीपाशी पाट मांडलास आणि म्हणालीस, "ठेवा तिथे, मी बघते." समोरच्या मामींकडून तू नुकती कोलमची रांगोळी शिकली होतीस, ठिपक्यांभोवती हात न उचलता रेघ फिरवायची. तीच रेघ तू शाईनं फिरवलीस. डाग पडलाच तर अर्ध्या ब्लेडनं तो खरवडायचा आणि जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, ही युक्ती तुला कुणी शिकवली नव्हती. त्या दिवसापासून मी दाराशी उभा राहायचो आणि तू माझ्या कागदांवर वाकलेली असायचीस. मला जी पदवी मिळाली ती तुझ्या हातावर मिळाली आहे. हे मी प्रबंधाच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. तिथे मी प्रोफेसरांचे आभार मानले, ग्रंथपालाचे मानले, पल्लावरमच्या खाणीतून मडक्यात इंगळ्या घालून आणणाऱ्या माणसाचेही मानले. तुझं नाव नाही. बायकोचं नाव लिहिणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं होतं.

काम इंगळीवरच होतं. विंचवांतली आपल्याकडची ती मोठी काळी इंगळी. तुला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा तू दोन पावलं मागे गेलीस आणि मग चार पुढे आलीस. इंगळी अंडी घालत नाही, पिल्लं पोटातच वर्षभर वाढवते, प्रत्येक पिल्लाची पिशवी वेगळी, हे मी तुला सांगितलं. प्रत्येक पिशवीला एक नळी असते. तिचं एक टोक आईच्या यकृतापाशी आणि दुसरं पिल्लाच्या तोंडात, बोंडासारखं. यकृतातलं सत्त्व नळीतून झिरपतं आणि पिल्लू ते तोंडानं ओढून घेतं. जुन्या पुस्तकांत हे ढोबळपणे लिहिलेलं होतं. आपल्या मद्रासच्या इंगळीत ते महिन्या-महिन्यानं कसं घडतं, ते मला दाखवायचं होतं.

"म्हणजे पाजते ती," तू म्हणालीस.

"पाजते असं म्हणता येत नाही. तो स्राव आहे. दूध सस्तन प्राण्यांचं."

"आईच्या अंगातून येतं, बाळाच्या तोंडात जातं आणि बाळ वाढतं. त्याला दूध नाही तर काय तुमच्या प्रोफेसरांचं नाव द्यायचं?"

ह्यावर आपण आठवडाभर भांडलो. मग मी माझ्या वहीत, कुणी पाहणार नाही अशा जागी, 'स्राव' खोडून 'दूध' लिहिलं. तू ते पाहिलंस आणि त्या संध्याकाळी कॉफीत साखर जास्त घातलीस.

माझ्या अम्माला हे काहीच पटलं नव्हतं. ती म्हणायची, "इंगळीचीं पोरें आईस खाऊन बाहेर येतात. हें लहान पोरासही ठाऊक अहे. तूं शिकून काय शिकलास?" तू तिच्याशी वाद घालत नव्हतीस. तिच्या पाठीमागे मला डोळा घालायचीस.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झालं की आपण मांबलमहून गाडीनं जायचो. तू सूक्ष्मदर्शकात डोळा लावायचीस. त्याला जोडलेल्या आरशातून कागदावर दिसणाऱ्या प्रतिमेवरून मी पेन्सिल फिरवायचो. मग तू सगळं पुन्हा स्वतः पाहून खात्री करायचीस आणि मगच कागद शाईसाठी घरी न्यायचीस. अशा शनिवारी मी तुला काय काय सांगत असे! आफ्रिकेतली त्से-त्से माशी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि आतल्या ग्रंथींतून तिला दुधासारखं काहीतरी पाजते. झुरळांची एक जात पिल्लांना तसंच पोटात पोसते. पुस्तकांच्या पानांत फिरणारा नखभर खोटा विंचू पोटाखाली पिशवी घेऊन हिंडतो आणि पिशवीतल्या पिल्लांना आपल्या अंगातलं देतो. तू हे सगळं लहान मुलीसारखं ऐकायचीस. "माशीसुद्धा?" म्हणायचीस. "माशीसुद्धा, हो?"

मग तुला दिवस गेले. तुला भीती वाटत होती, हे तू एकदाच बोललीस, गाडीत, सैदापेट गेल्यावर. "मला जमेल ना हो?" मी हसलो आणि म्हणालो, माशीला जमतं, झुरळाला जमतं, तुला का नाही जमणार? तूही हसलीस. तेव्हा ते गमतीनं बोललो होतो. पुढे ह्या वाक्याचं काय होणार आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून मिरजेची तिकिटं काढली होती. आठव्यातच तुला कळा लागल्या. नर्सबाई आली आणि मुलगी झाली, वेस्ट मांबलमच्या त्या मागच्या खोलीत. हातावर मावेल एवढी होती, पण श्वास घेत होती, आणि रडली, बारीक, पण रडली. नर्सबाईनं तिला कापसात गुंडाळलं आणि सांगितलं, लहान आहे, जपा, ऊब द्या, थोडं थोडं पाजा.

इथून पुढचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही, कारण तू तिथेच होतीस.

दुसऱ्या दिवशी तुला पाझर फुटला. पिवळसर, घट्ट. तू मला हाक मारलीस आणि मी दारात आलो तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. अम्मा पितळी वाटी घेऊन आली. म्हणाली, "पयलें दूध जड असतें, पोरास सोसत नाही. तीन दिस पिळून टाकायचें. तोंवर साखरपाणी." आमच्या घरची रीत. तिनं सात लेकरांना असंच केलं, तिच्या आईनं तिच्या वेळी असंच केलं. अम्मानं वाईट चिंतून काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तू वाटीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "अहो, तुम्ही सांगा ना." एवढंच म्हणालीस.

नलू, माझ्या टेबलावर त्याच आठवड्यात इंगळीच्या सगळ्यात कोवळ्या पिल्लांचे काप होते. पहिल्या दिवसापासून, तोंड नीट तयार व्हायच्या आधीपासून, आई पिल्लाला देत असते, एक दिवसाचाही खंड नाही, हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. सबंध गल्लीत ह्या विषयावर बोलायचा अधिकार असलेला एकच माणूस होता आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मी म्हणालो, "अम्मा सांगते तसें कर."

अम्मानं वाटी मागच्या अंगणात नेली आणि शेवग्याच्या बुंध्याशी ओतली. दिवसातून तीनदा, तीन दिवस. बाळाला कापसाच्या वातीनं साखरपाणी. पाचव्या दिवशी तिला तुझ्या अंगाशी दिलं तेव्हा तिच्यात ओढायची शक्ती उरली नव्हती. बोंड तोंडात जायचं आणि ओघळून बाहेर यायचं. तुझी चोळी भिजत होती. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. तिला नाव नव्हतं.

आधीपासून पाजलं असतं तर ती वाचली असती, असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. नर्सबाई म्हणाली, आठव्यातलं मूल, दैवाची गोष्ट. मी शास्त्राचा माणूस आहे, मीही नाही म्हणणार. पण तीन दिवस तिचं होतं ते झाडाला घातलं गेलं, एवढं मला नक्की माहीत आहे.

लोक आले. "दूध नव्हतं म्हणे अंगावर," असं कुणीतरी ओसरीवर म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. म्हणायला सोपं होतं ते. महिन्याभरानं तुझ्या वडिलांचं पत्र आलं, काय झालं ते नीट कळवा. मी कार्ड लिहिलं. तुझ्याबद्दल मी तरी खोटं बोललो नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते कार्ड मीच लिहिलं: नलिनीच्या अंगावर दूध आलं नाही, बाळ अशक्त होतं, ईश्वरेच्छा. कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि कॉलेजला गेलो. संध्याकाळी कोनाडा रिकामा होता. अम्मा म्हणाली, सुनेनं टपालपेटीत टाकलं. उघडं कार्ड, नलू. तू ते वाचलंस का? आठ वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून हे ओळखायचा प्रयत्न करत होतो. तू मिरजेला गेलीस, आलीस, हसलीस, भांडलीस, पण त्या कार्डाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस.

चार महिन्यांनी मी तुझ्यापुढे सतरावी आकृती ठेवली. मला लाज कशी वाटली नाही, असं आज मीच मला विचारतो. प्रबंधाची मुदत होती, हे एक. आणि कामात तुझं मन रमेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. सतरावी आकृती सगळ्यात महत्त्वाची होती: पुरं वाढलेलं पिल्लू, त्याचं तोंड, आणि तोंडात नळीचं बोंड. तू शनिवारी आलीस. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिलीस. मग कागद घरी नेलास आणि तीन दिवस त्यावर बसलीस. इतकं सुंदर चित्र तू आधी काढलं नव्हतंस. नळीतलं सत्त्व तू ठिपक्यांनी दाखवलं होतंस, टोकापर्यंत दाटीवाटीनं. पिल्लाचं तोंड उघडं होतं. आणि बोंड आणि तोंड ह्यांच्यामध्ये तू केसभर जागा कोरी सोडली होतीस.

"हे लागलेलं हवं," मी म्हणालो.

"लागलेलं नाही. मी चारदा पाहिलं."

"ते औषधानं आकसतं. पेशी टिकाव्यात म्हणून आपण पिशव्या औषधात बुडवतो ना, त्यानं सगळं जरा मागे सरतं. जिवंतपणी तिथे फट नसते."

"तुम्ही जिवंतपणी पाहिलंय?"

मी पाहिलं नव्हतं. "पुस्तकात आहे," म्हटलं.

तू निब पुसलीस, बाटलीला बूच लावलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला दिसलं ते मी काढलं. आई भरलेली आहे. बाळाचं तोंड उघडं आहे. मधे काय आलं ते तुम्ही शोधा. ते तुमचं काम."

मला कळलं, नलू. अगदी त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी दाखवलं, कारण कळलं असं कबूल केलं असतं तर तुझ्यासमोर खाली बसावं लागलं असतं. मी आवाज चढवला. तुला शास्त्रातलं काय समजतं, असं काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात, ह्या हलत्या हातानं, मी स्वतः दोन रेघा मारून ती फट बुजवली आणि वर थोडे ठिपके दिले. तसंच ते छापलं गेलं. छापील प्रत घरी आणली तेव्हा तू ती घेतलीस, पानं उलटलीस, सतराव्या आकृतीवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "इथे तुमचा हात हललाय." पुन्हा तू निब हातात घेतली नाहीस. मी दोनदा विचारलं. तू म्हणालीस, डोळे दुखतात.

आपण बोलत नव्हतो, असं नाही. उलट गल्लीत आपल्याला हसरं जोडपं म्हणत. मैलापूरला गाण्याच्या सभेत तू मला ओढून न्यायचीस, मी तिसऱ्या कीर्तनाला डुलक्या घ्यायचो आणि तू कोपरानं ढोसायचीस. अम्माचे पाय चेपायचीस. समोरच्या मामींच्या नातवंडांना पाढे मराठीत शिकवलेस, ती पोरं अजून सात आठे छप्पन्न म्हणत रस्त्यानं पळतात. मला तुझ्याजवळ राहायला मिळालं, हे माझ्या लायकीपेक्षा खूप जास्त होतं. हे मी आता म्हणतो. तेव्हा मी रोज भाजीत मीठ कमी आहे असं म्हणायचो.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपल्या अंगणातला शेवगा दर वर्षी लगडतो. मद्रासमध्ये शेंगांशिवाय सांबार होत नाही. पण तू शेंगा नेहमी बाजारातून आणायचीस. एकदा मी म्हटलं, दारात झाड असताना? तू म्हणालीस, त्या कडू आहेत. मी त्या कधी चाखून पाहिल्या नाहीत.

गेल्या वर्षी हिंदीवरून दंगा झाला आणि कॉलेजं बंद पडली, तेव्हा मी दुपारी जाऊन प्रयोगशाळेत एकटाच बसायचो. तू मिरजेची पत्रं पिशवीत तळाशी लपवून ठेवायचीस, गाडीत कुणाला ती देवनागरी अक्षरं दिसू नयेत म्हणून, ते दिवस. एका दुपारी मी ठरवलं की औषध वापरायचंच नाही. दिवस भरत आलेली एक इंगळी घेतली, नुसत्या मिठाच्या कोमट पाण्यात तिचं पोट उघडलं आणि एक पिशवी अख्खी, जिवंत, भिंगाखाली धरली. पिशवी काचेसारखी पातळ होती. आतलं पिल्लू दिसत होतं. त्याच्या दोन चिमट्यांनी बोंड घट्ट धरलेलं होतं आणि तोंड त्याला लागलेलं होतं. फट नव्हती. पिल्लाचा घसा हलत होता, नलू. ते पीत होतं. मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं ते पीत राहिलं. आई उघडी पडून मेली होती आणि ते पीत होतं. मग हळूहळू थांबलं.

म्हणजे माझं बरोबर होतं. आणि तुझंही बरोबर होतं. तू पाहिलंस तेव्हा तिथे फट होती. ती फट माझ्या औषधानं पडली होती. आईनं हात आखडला नव्हता, पिल्लानं तोंड फिरवलं नव्हतं. मधे जे आलं ते मी ओतलं होतं.

त्या दिवशी मी गाडीची वाट न बघता चालत घरी निघालो. तुला सांगायचं होतं. तू ओसरीवर तांदूळ निवडत बसली होतीस. मान वर करून म्हणालीस, "आज लवकर? काय झालं?" मी सुरुवात कुठून करायची तेच ठरवू शकलो नाही. सतराव्या आकृतीचं नाव काढलं की तू म्हणणार, झालं का तुमचं खरं? आणि मग पुढचं अर्धं सांगावं लागणार. ते अर्धं सांगायचं म्हणजे पितळी वाटी, शेवगा, कार्ड, सगळंच. मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं." तू उठून ताक आणलंस. चांगला दिवस बघून सांगू, असं मी मनात म्हटलं. त्यानंतर दीड वर्ष चांगले दिवसच होते, एकाही दिवशी सांगितलं नाही.

मग ताप आला आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. शेवटच्या आठवड्यात तू फारसं बोलत नव्हतीस. एका दुपारी वॉर्डात डोळे उघडून विचारलंस, "शेंगा आल्या का हो?" आपल्या झाडाबद्दल तू आठ वर्षांत पहिल्यांदा विचारत होतीस. मी म्हटलं, खूप आल्यात. तू म्हणालीस, "काढा ना मग. वाया कशाला घालवता." मी तुझा हात धरला. आता सांगतो, मी मनात म्हटलं, आता. आणि तेवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. दुसऱ्या दिवशी तुला माझी ओळख पटत नव्हती.

काल पाहुणे गेल्यावर अम्मा माझ्याजवळ येऊन बसली. ती आता फार थकली आहे. मला म्हणाली, "हिला एक पोर झालेंतें नारे? तें कसें गेलें? मज कांहीं आठवत नाही." मी तिला काय सांगणार? तिला वाटी आठवत नाही, झाड आठवत नाही. तू गेलीस. आता ते तीन दिवस माझ्याशिवाय कुणाच्याच ध्यानात नाहीत. माझ्यानंतर ते घडलेच नव्हते असं होईल, आणि तुझ्या अंगावर दूध नव्हतं, एवढंच मिरजेला आणि इथे उरेल. मी मिरजेला खरं काय ते लिहिणार आहे. पण तुझे वडील आता नाहीत, आई नाही, आणि भाऊ ते वाचून काय करणार, मला माहीत नाही. वाचून तो पत्र खिशात घालेल आणि कामाला जाईल.

म्हणून आज सकाळी, ट्रंकेपुढे, माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. तुझी फट तुला परत द्यायची. शास्त्राच्या दृष्टीनं ती चूक ठरेल, ठरू दे. तुझ्या डब्यातलं अर्धं ब्लेड काढलं. माझ्या दोन रेघा तेवढ्या खरवडायच्या, तुझ्या एकाही ठिपक्याला हात लावायचा नाही. ब्लेड आडवं धरायचं, दाबायचं नाही, हे तू करताना शंभर वेळा पाहिलं होतं. पहिली रेघ गेली. खाली पांढरा कागद आला, तू ठेवला होतास तसा. दुसऱ्या रेघेला हात हलला. ब्लेड आरपार गेलं. बोंडाच्या आणि तोंडाच्या मधोमध भोक पडलं आहे, मुगाच्या दाण्याएवढं, आणि पिल्लाचं अर्धं तोंड त्यात गेलं आहे.

अम्मा आत झोपली आहे. कागद मी खिडकीपाशी तुझ्या पाटावर ठेवला आहे. निब धुऊन ठेवली, शाईची बाटली हलवून पाहिली, तळाशी थोडी ओली आहे. पुसायचं फडकं बाजूला मांडलं. आणि पूर्वी उभा राहायचो तसा दाराशी येऊन उभा राहिलो. बराच वेळ झाला. ठेवा तिथे, मी बघते, असं कुणी म्हणत नाही.